परकीय भाषेला आधी काम द्या: ऑफिस, शाळा आणि आसपासच्या लोकांत भाषा रुजवायची कशी

सुरुवातीलाच माझी एक फजिती सांगतो. मी जिथे नोकरीला होतो त्या ऑफिसात आम्ही काही जणांनी हौसेने दुपारच्या सुट्टीत जर्मनचा क्लास सुरू केला. टीचर उत्तम, पुस्तकं कंपनीच्या खर्चाने, पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, फोटो निघाले, कौतुकाचे मेल फिरले. चौथ्या महिन्यात वर्गात उरले चार जण. मी आधी टीचरला नावं ठेवली, मग लोकांच्या आळसाला, आणि बऱ्याच उशिरा लक्षात आलं की त्या चारांपैकी तिघांचे दर आठवड्याला जर्मन टीमबरोबर कॉल असायचे. बाकीच्यांना जर्मन शिकून करायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही. (चौथ्याला व्याकरण आवडायचं. असतात असे लोक, त्यांच्यावर योजना उभी करू नका.)

तेव्हापासून कुणी विचारलं की "आमच्याकडे परकीय भाषांना प्रोत्साहन द्यायचंय, कुठला कोर्स घेऊ?" तर मी म्हणतो कोर्स नंतर बघू, आधी त्या भाषेला तुमच्याकडे काम काय आहे ते सांगा. काम असेल तर साधा टीचरही चालतो, काम नसेल तर जगातला भारी कोर्ससुद्धा चौथ्या महिन्यात आटतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात. तुम्ही एचआरमध्ये असा, शिक्षक असा, नाहीतर लायब्ररीत काहीतरी चालू करू बघणारे असा, पहिल्या दोन पायऱ्या मात्र सगळ्यांना सारख्याच.

पायरी १: पाहणी करा, पण आवडीची नाही, अडचणीची

बहुतेक ठिकाणी फॉर्म फिरतो तो "तुम्हाला कोणती भाषा शिकायला आवडेल?" असा. याला उत्तर द्यायला काहीच लागत नाही, त्यामुळे ते उत्तर काही कामाचं नसतं. त्याऐवजी मागच्या महिन्याबद्दल विचारा, कारण मागच्या महिन्यात काय झालं ते माणसाला आठवतं. माझ्या शीटमध्ये पाच कॉलम असतात: कुणाशी बोलायची किंवा लिहायची वेळ आली, कशावरून (फोन, ईमेल, समोरासमोर, कागदपत्रं), कोणत्या भाषेत, कुठे अडलं, आणि शेवटी कुणी सोडवलं. हा शेवटचा कॉलम सोडू नका. त्यात तीनचार नावं पुन्हापुन्हा येतात, आणि तीच माणसं आत्ता तुमची सगळी भाषेची यंत्रणा चालवत असतात, बहुधा फुकट. त्यांच्याकडे नंतर येतो.

शीट भरून आली की वाचणं, ऐकणं, बोलणं, लिहिणं वेगवेगळं काढा. गोडाऊनमधल्या माणसाला लेबलं आणि धोक्याच्या सूचना वाचता आल्या की झालं, त्याला निबंध लिहायला लावून काय मिळणार? रिसेप्शनवरच्या मुलीला फोनवर नाव, नंबर, वेळ बिनचूक घेता यायला हवं. इंजिनियरला मॅन्युअल वाचायचंय आणि महिन्यातून एकदा तासभर चर्चा करायचीय. तिघांना एकाच वर्गात बसवलं की तिघांचाही वेळ वाया.

कामापुरती भाषा ठरवणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर विमान वाहतुकीकडे बघा, त्या लोकांनी हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकलाय. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर विमानतळाच्या रनवेवर दोन बोईंग ७४७ एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओवर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यावर चढलं, कारणं बरीच होती, पण त्यातलं एक म्हणजे डच विमानातून आलेलं इंग्रजी वाक्य, जे "आम्ही टेक-ऑफच्या जागी आहोत" असंही वाटू शकत होतं आणि "आम्ही टेक-ऑफ करतोय" असंही. पुढे जानेवारी १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान इंधन संपून कोसळलं, ७३ जण गेले. इंधन संपत आलंय हे क्रू सांगत होता, पण "इमर्जन्सी" हा ठरलेला शब्द त्यांनी उच्चारलाच नाही, आणि कंट्रोलरला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं नाही. म्हणजे इंग्रजी येत नव्हतं असं नाही, त्या क्षणी लागणारा एक शब्द आला नाही.

यातून पुढे आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संस्थेने भाषेची सहा लेव्हलची पट्टी केली. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या पायलटला किमान चौथी लेव्हल लागते. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक, चौथ्या लेव्हलला मातृभाषेचा उच्चारावर असर चालतो, समोरच्याला समजण्यात कधीकधी अडचण आली तरी चालते, म्हणजे ॲक्सेंट घालवा असं ते म्हणतच नाहीत. दोन, चौथ्या लेव्हलवाल्यांची किमान दर तीन वर्षांनी आणि पाचव्यावाल्यांची दर सहा वर्षांनी परत परीक्षा होते, कारण भाषा गंजते हे त्यांनी गृहीतच धरलंय. तुमच्या ऑफिसातल्या किती जणांनी कधीतरी घेतलेलं सर्टिफिकेट अजून सीव्हीवर तसंच आहे, बघा जरा.

पायरी २: "फ्लुएंट" हा शब्द हद्दपार करा आणि तासांचा खरा हिशोब मांडा

फ्लुएंट म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं काहीतरी. त्याऐवजी सीईएफआरची पट्टी वापरा. कौन्सिल ऑफ युरोपने ती २००१ मध्ये आणली. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा लेव्हल. तिचा उपयोग आहे तो त्या अक्षरांपेक्षा त्यांच्यामागच्या वाक्यांसाठी, म्हणजे "हा माणूस या भाषेत अमुक करू शकतो" अशा वर्णनांसाठी. तशीच वाक्यं तुमच्या कामाची लिहून काढा: ग्राहकाची तक्रार ऐकून तीन ओळींत नोंदवता येते, मीटिंगमध्ये न समजलेलं परत विचारता येतं, डिलिव्हरी का लांबली ते फोनवर समजावता येतं. अशी दहाबारा वाक्यं झाली की अर्धा अभ्यासक्रम तयार झाला समजा. आणि एका माणसाची एकच लेव्हल असते असं धरून चालू नका, वाचन बी२ आणि बोलणं ए२ ही जोडी तर रोजची, विशेषतः शाळेत पुस्तकातूनच शिकलेल्यांची.

आता तास. हा हिशोब कुणाला ऐकायला आवडत नाही पण सुरुवातीलाच मांडा, नाहीतर सहा महिन्यांनी साहेब विचारणार की "अजून बोलत का नाहीत?" अमेरिकेची परराष्ट्र सेवा संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, त्यांच्या अंदाजाने इंग्रजी बोलणाऱ्याला व्यावसायिक कामाच्या पातळीला न्यायला स्पॅनिश किंवा फ्रेंचला साधारण ६०० ते ७५० तास वर्ग लागतो, आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियनला २२०० तास. तेही पूर्णवेळ, निवडक विद्यार्थी घेऊन. आठवड्याला दोन तासांच्या क्लासने ६०० तास व्हायला सहा वर्षं लागतात. २२०० ला वीस वर्षांच्या वर. इंग्रजीसाठी केंब्रिजचा अंदाज असा की शून्यापासून बी१ ला ३५० ते ४०० तास, बी२ ला ५०० ते ६००. तेव्हा "सहा महिन्यांत बिझनेस जपानी" अशी पाटी दिसली की सरळ पुढे चला.

हे आकडे इंग्रजी बोलणाऱ्यांना धरून काढलेत, मराठी बोलणाऱ्याचं गणित थोडं वेगळं पडतं आणि ते वर्गात वापरायलाच हवं. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. "वाताशि वा होन ओ योमिमास" म्हणजे शब्दाला शब्द "मी पुस्तक वाचतो", आणि ते वा आणि ओ नामाच्या मागे चिकटतात जसे आपले ला, ने, चा. इंग्रजीवाल्याला हे उलटं चालल्यासारखं वाटतं, आपल्याला घरचंच. (कांजी, म्हणजे जपानी लिहिण्यातली चिनी चिन्हं, मात्र कुणालाच सुटत नाहीत, रोजच्या वापराची सरकारी यादीच २१३६ चिन्हांची आहे.) जर्मनला तीन लिंगं म्हणून लोक रडतात, आपल्याला तो, ती, ते लहानपणापासून आहेत. फक्त जुळवायला जाऊ नका, जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. फ्रेंचचं त्यु आणि वू, जर्मनचं डू आणि झी हे समजावायला पान खर्च करायची गरज नाही, तू आणि तुम्ही म्हटलं की पोचलं, कुणाला कधी काय म्हणायचं तेवढं सांगा. मी बघितलंय की शिक्षक इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक जसंच्या तसं पुढे नेतात आणि विद्यार्थ्याला आधीच येणारी गोष्ट अवघड करून शिकवतात.

पायरी ३: ऑफिसात वेळ, पैसा आणि काम, तिन्ही द्या

भाषेची सक्ती काय करते याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे जपानची राकुतेन कंपनी. २०१० मध्ये त्यांच्या प्रमुखांनी, हिरोशी मिकितानींनी, जाहीर केलं की दोन वर्षांत कंपनीचं सगळं काम इंग्रजीत होणार, आणि टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेला स्कोअर आला नाही तर बढती अडणार. सुरुवातीला शिकायचं ते ज्याने त्याने आपल्या वेळात, आपल्या खर्चाने. लोक धास्तावले. नंतर कंपनीनेच क्लासचा खर्च उचलला आणि अभ्यासाला कामाचा वेळ दिला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पूर्ण सक्ती बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, माझं मत विचाराल तर बहुतेक कंपन्यांना तिची गरज नसते, पण ज्याला तुम्ही कामाची गरज म्हणता त्यासाठी कामाच्या वेळातला वेळ दिलाच पाहिजे. सुट्टीतला, रात्रीचा, रविवारचा क्लास म्हणजे "हे तुमचं तुम्ही बघा" असंच सांगणं झालं.

वेळ कसा द्यायचा? आठवड्यातून एकदा दीड तासापेक्षा अर्ध्या तासाचे तीन तुकडे चांगले. ते मॅनेजरच्या कॅलेंडरवर टाका, कारण क्लास बुडतो तो विद्यार्थ्यामुळे कमी आणि "जरा पाच मिनिटं ये ना" म्हणणाऱ्या मॅनेजरमुळे जास्त.

काम द्यायचं म्हणजे शिकलेलं त्याच आठवड्यात वापरायला मिळालं पाहिजे. परदेशी टीमबरोबरच्या मीटिंगची पहिली दहा मिनिटं त्यांच्या भाषेत, बाकी नेहमीसारखी. ईमेलची सुरुवात आणि शेवट त्यांच्या भाषेत. नवशिक्याला फक्त तारखा आणि आकडे सांगायचं काम द्या, तेवढंच, पण दर आठवड्याला. आणि सगळ्यात वरच्या माणसाने एकदा तरी सगळ्यांसमोर मोडकंतोडकं बोलावं. याने जे होतं ते दहा पोस्टरनी होत नाही, कारण लोक व्याकरणाला घाबरत नाहीत, हसं होईल याला घाबरतात.

शब्दांची यादी तयार करा, शेअर्ड शीटमध्ये. तुमच्याच कामातले दोनेकशे शब्द, प्रत्येकापुढे प्रत्यक्ष ईमेलमधून उचललेलं एक वाक्य. डिक्शनरीतला अर्थ नको, तुमच्याकडे तो शब्द कसा वापरतात ते हवं.

दुसरी बाजूही विसरू नका. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही शिकवावं लागतं, नवख्याशी बोलायचं कसं ते. अजेंडा आदल्या दिवशी पाठवायचा, म्हणी आणि वाक्प्रचार टाळायचे, आकडे आणि तारखा चॅटमध्ये लिहायच्या, आणि "समजलं ना?" असं विचारायचं नाही कारण त्याला सगळे हो म्हणतात, "तर आता तू काय करणार?" असं विचारायचं. अर्ध्या तासाचं ट्रेनिंग आहे हे, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात झटकन फळ देणारं.

आता शीटच्या शेवटच्या कॉलममधली ती नावं. ज्याला भाषा येते त्याच्या टेबलावर सगळ्यांचे कागद येऊन पडतात, "जरा बघ ना, दोन मिनिटांचं काम आहे." त्याचं स्वतःचं काम मागे राहतं, अप्रेझलमध्ये याचा उल्लेख शून्य, आणि बाकीचे बघतात की भाषा शिकलं तर हे असं होतं. याहून वाईट जाहिरात नाही. तेव्हा ते काम त्याच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये लिहा, आठवड्याचे तास ठरवा, भत्ता द्या, आणि कोणते कागद त्याने करायचे नाहीतच, बाहेरच्या प्रोफेशनल अनुवादकाकडे जायचे, तेही लिहून ठेवा. करार, कोर्टाचे कागद, सुरक्षेच्या सूचना या दुसऱ्या यादीत.

पायरी ४: शाळेत परीक्षेपासून उलटं या

शाळेत पहिली गोष्ट बदलायची ती परीक्षा. ऐकायला उलटं वाटेल पण परीक्षेत जे येतं तेच वर्गात शिकवलं जातं, मग वर अभ्यासक्रमात काहीही छापलेलं असो. बोलण्याला मार्क नसतील तर बोलणं होणार नाही. मोठ्या परीक्षांचंही तसंच, जपानीची जेएलपीटी घ्या, जगभर तिच्या सर्टिफिकेटला मान आहे पण तिच्या पाच लेव्हलच्या कुठल्याच पेपरात बोलण्याची परीक्षा नाही, म्हणून एन२ ही वरून दुसरी लेव्हल पास झालेला माणूस फोन वाजला की दचकतो, यात त्याची चूक नाही. तेव्हा सत्राअखेर प्रत्येक मुलाची तीन मिनिटांची तोंडी परीक्षा ठेवा, दोघादोघांच्या जोडीने घेतली तर वेळ निम्मा लागतो आणि मुलं एकमेकांशी बोलतात, शिक्षकाला पाठ केलेलं ऐकवत नाहीत.

दुसरं, भाषेला शाळेत काम द्यायचं म्हणजे तिच्यातून दुसरं काहीतरी शिकवायचं. १९६५ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी मागे लागून आपल्या मुलांसाठी बालवर्गापासून फ्रेंचमधूनच शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला, आणि तिथून इमर्शन पद्धत देशभर पसरली. मुलं इतर विषयांत मागे पडली नाहीत, फ्रेंच उत्तम समजायला लागली. पण पुढे मेरिल स्वेन या संशोधक बाईंनी दाखवलं की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकूनही मुलांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात व्याकरणाच्या त्याच त्या चुका राहतात. १९८५ मध्ये त्यांनी मांडलं की नुसतं समजणं पुरत नाही, स्वतः वाक्य जुळवून बाहेर काढावं लागतं, तेव्हा आपल्याला काय येत नाही ते मुलाला कळतं.

याचा साध्या शाळेला उपयोग असा की अख्खं माध्यम बदलायची गरजच नाही. एका सत्रात एक धडा निवडा, भूगोलातला किंवा चित्रकलेतला, ज्यात नकाशे, चित्रं, कृती भरपूर आहेत. तो परकीय भाषेतून घ्या आणि शेवटी मुलांना काहीतरी बनवून समजावून सांगायला लावा. युरोपात याला क्लिल म्हणतात, नाव १९९० च्या दशकातलं. अट एकच, शिक्षकाला ती भाषा आरामात यायला हवी, नाहीतर भाषाही जाते आणि भूगोलही.

शब्दसंग्रहाबद्दल थोडं थांबतो, कारण इथे घरोघरी चुका होतात. हर्मान एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासादिवसांतच सगळ्यात जास्त विसरतं, मग वेग कमी होतो. म्हणजे वीस शब्द सोमवारी आणि त्यांची टेस्ट शुक्रवारी, मग ते कायमचे रामराम, ही पद्धत विसरण्यासाठीच केल्यासारखी आहे. त्याऐवजी तेच शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहा दिवसांनी, महिन्याने परत आणा. अँकी नावाचं ॲप हे हिशोब आपोआप ठेवतं, कार्डांचे पाच कप्प्यांचे डबे करूनही जमतं. वाचायला पुस्तक देताना एक साधी चाचणी: भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार आरामात वाचायला शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर पाचेक अनोळखी. त्याहून जास्त अडले तर ते पुस्तक धडा म्हणून ठीक, आवड म्हणून नाही. बिगिनरला गाजलेली कादंबरी देणं हा छळ आहे.

"जितकं लवकर तितकं चांगलं" याबद्दल पालक नेहमी विचारतात. उच्चारांसाठी लहान वय बरं, हे खरं. पण वर्गात आठवड्याला एकदोन तासच मिळत असतील तर मोठी मुलं सुरुवातीला लहानांपेक्षा भरभर शिकतात. त्यामुळे पहिलीत गाणी म्हणायची आणि पाचवीत नवा शिक्षक येऊन परत "माझं नाव अमुक" पासून सुरू, यापेक्षा उशिरा सुरू करून सलग सहा वर्षं नेलेलं बरं. आधीच्या वर्षात काय झालं याचं एक पान पुढच्या शिक्षकाकडे जाईल एवढं बघा.

आणि मातृभाषेला बाजूला सारू नका. युरोपियन युनियनच्या नेत्यांनी २००२ मध्ये बार्सिलोनाला ध्येय ठरवलं ते मातृभाषा अधिक दोन असं, मातृभाषेऐवजी दोन असं नाही.

पायरी ५: आसपासच्या लोकांत भाषेची देवाणघेवाण लावा

इथे पगार नाही, मार्क नाहीत, म्हणून काम अजून विचारपूर्वक शोधावं लागतं. मला सगळ्यात टिकाऊ वाटलेली पद्धत म्हणजे टँडम, दोन माणसं एकमेकांना आपापली भाषा शिकवतात. हिची मुळं १९६० च्या दशकातल्या फ्रेंच आणि जर्मन तरुणांच्या भेटीगाठींत आहेत. १९६३ च्या एलिझे करारानंतर दोन्ही देशांनी तरुणांसाठी मिळून एक संस्थाच काढली, म्हणजे काही वर्षांपूर्वी एकमेकांशी लढलेल्या देशांची पोरं एकमेकांच्या चुका दुरुस्त करत बसली.

टँडमचे नियम कागदावर लिहून द्या, नाहीतर दोघांपैकी जी भाषा जास्त येते त्यातच गप्पा सुरू होतात. अर्धा तास एक भाषा, मोबाइलला टायमर, मग अर्धा तास दुसरी. दुरुस्ती किती हवी ते आधी विचारा, कुणाला प्रत्येक चूक सांगितलेली आवडते, कुणी तिसऱ्या चुकीला गप्प होतो. विषय आधी ठरवा. जोडी जमली नाही तर महिन्याने बदलायची सोय ठेवा, अवघडलेपणामुळे बरेच जण कारण न सांगता येणं बंद करतात.

लायब्ररीत भाषेची टेबलं लावायची असतील तर दर आठवड्याला तीच वेळ, तीच जागा, आणि प्रत्येक टेबलावर एक यजमान जो फक्त एवढं बघतो की एकच जण बोलत बसला नाही. २६ सप्टेंबर हा युरोपात भाषा दिवस असतो, तसा एखादा दिवस घ्यायला हरकत नाही, पण त्या दिवशी दारात एक वही ठेवा आणि पुढच्याच आठवड्याच्या टेबलासाठी नावं लिहून घ्या. वही नसेल तर तो नुसता समारंभ.

नव्याने राहायला आलेल्या लोकांच्या भाषा याच यादीत धरा. आपल्याला परकीय भाषा म्हटलं की चारपाच प्रतिष्ठित नावंच आठवतात, आणि शेजारी जी भाषा रोज बोलली जाते ती मोजलीच जात नाही. त्यांच्यापैकी कुणाला टेबलाचा यजमान करा, मग बघा शिकणारा आणि शिकवणारा यांची बाजू कशी बदलते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने थांबवा, दवाखान्यात किंवा सरकारी कामात लहान मुलाला दुभाषी करणं. आईच्या आजाराची बातमी दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून सांगायची नसते, आणि तो घाबरून काही गाळेल ते वेगळंच. प्रशिक्षित दुभाष्यांची यादी, फोनवरून का होईना, तयार ठेवणं हे भाषेला प्रोत्साहनच आहे.

पायरी ६: मशीन ट्रान्सलेशनचं काय, ते आधीच ठरवा

"आता मोबाइल सगळं करतो, शिकायचं कशाला?" हा प्रश्न येणारच, त्याला चिडू नका, अर्धा बरोबर आहे. आलेल्या मेलचा साधारण अर्थ कळायला मशीन पुरतं. औषधं, करार, सुरक्षा इथे माणसाने तपासल्याशिवाय काही बाहेर जाऊ नये, आणि गुप्त मजकूर फुकटच्या साइटवर पेस्ट करू नये. शिकणाऱ्यासाठी नियम एकच: आधी स्वतः लिहा, मग मशीनला द्या, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक बघा. उलट क्रमाने केलं तर वाचण्याचीसुद्धा तसदी घेतली जात नाही, स्वतःवरून सांगतो.

पायरी ७: मोजा, पण हजेरी नाही

किती जणांनी नाव नोंदवलं, किती सर्टिफिकेटं आली, हे रिपोर्टात छान दिसतं. आमच्या त्या जर्मन क्लासचाही पहिला रिपोर्ट फार सुंदर होता. त्याऐवजी पहिल्या पायरीतली शीट परत भरा, सहा महिन्यांनी, त्याच लोकांकडून. "कुणी सोडवलं" या कॉलममध्ये आता किती ठिकाणी "मीच" आलंय? हा तुमचा आकडा.

व्यक्तीसाठी दर तीन महिन्यांनी एकाच विषयावर दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्डिंग, म्हणजे "माझं काम काय आहे" असं काहीतरी, आणि ते जपून ठेवायचं. शिकणाऱ्याला आपली प्रगती कधीच दिसत नाही, पहिलं आणि तिसरं रेकॉर्डिंग सलग ऐकवलं की दिसते. शाळेत यासोबत मुलाच्या कामाची फाइल ठेवता येते, त्याने काय वाचलं, कुणाशी बोलला, कुठे अडला, त्याच्याच शब्दांत.

वेळापत्रक म्हणाल तर पहिला महिना फक्त पाहणी, दुसऱ्यात "करू शकतो"ची वाक्यं आणि तासांचा हिशोब, तिसऱ्यात आठदहा जणांचा एकच छोटा गट, ज्यांना खरोखर काम आहे असाच. बाकीच्यांना सांगा थांबा. नाराज होतील, होऊ द्या. सहाव्या महिन्यात शीट परत, आणि मग दुसरा गट. कोर्स संपलेल्यांसाठी आठवड्याला एक अर्धा तास कायमचा राखून ठेवा, त्यात नवीन काही शिकवायचं नाही, फक्त वापरायचं, ज्यांना मागच्या महिन्यात परदेशी कॉल नव्हता त्यांनी तरी नक्की यायचं.

आणि हे सगळं एकाच माणसाच्या लॅपटॉपवर ठेवू नका. शीट, शब्दांची यादी, टँडमच्या जोड्या, दुभाष्यांचे नंबर, सगळं दोघांच्या ताब्यात असू द्या. आमच्याकडे क्लास बघणारी मुलगी नोकरी सोडून गेली त्या दिवशी पासवर्ड तिच्याबरोबर गेला, आणि उरलेल्या चौघांना पुढचा क्लास कधी आहे तेसुद्धा कळलं नाही.